माळावर काही नाही, चला दाखवतो

मराठी माणसाच्या पर्यटनाचा एक अलिखित नियम आहे. जे बघायला जायचं ते आपल्यापेक्षा उंच, आपल्यापेक्षा जुनं किंवा आपल्याला खाऊ शकणारं असलं पाहिजे. किल्ला उंच असतो, लेणी जुनी असतात, वाघ खाऊ शकतो. आमच्या खानदेशातल्या बोदवडचा माणूस हा नियम पाळूनच अजिंठ्याला जातो, मेळघाटात जातो आणि परत आल्यावर ‘काही दिसलं नाही’ असं मोठ्या समाधानाने सांगतो. अशा माणसाला कुणी म्हटलं की चला, सोबत वाटाड्या घेऊ आणि माळावरचं गवत बघून येऊ, तर तो आधी म्हणणाऱ्याच्या तब्येतीची चौकशी करतो. “गवत पाह्याले जाचं? आन् पैसे दिऊन? काय भो, आमच्या बांधावर काय केशर उगते का?” मुश्कील अशी की हे खूळ आता सरकारमान्य झालं आहे. वनखात्याने २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यात कडबनवाडी आणि शिर्सुफळ इथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. रीतसर नोंदणी करायची, स्थानिक वाटाड्या सोबत घ्यायचा आणि सकाळी सकाळी गवत बघायला निघायचं. हे ऐकून हसू येणं स्वाभाविक आहे. पण थोडा विचार केला तर असं दिसतं की किल्ल्यावर वाटाड्या नसला तरी भागतं, माळावर मात्र त्याच्यावाचून भागत नाही. माळाला खरा धोका वाईट माणसांपेक्षा चांगल्या माणसांचा आहे. वाईट माणसाला कुंपण घालून अडवता येतं. चांगल्या माणसाला सोबत घेऊन फिरवावं लागतं, आणि फिरताना त्याच्या हातातलं रोप काढून घ्यावं लागतं.

माळ आपल्याला दिसत नाही, कारण तो दिसू नये अशी आपली शासकीय तजवीज आहे. सातबाऱ्याचा उतारा उघडा. लागवडीला न येणारी, खडकाळ, मुरमाड, गवताची जी काही जमीन असेल ती ‘पोटखराबा’ या एका रकान्यात जाऊन पडते. आजोबांनी बघितली तेव्हा ती पोटखराबाच होती आणि नातू बघेल तेव्हाही पोटखराबाच असणार, मग मधल्या पिढीने तिथे वाकून काय बघायचं? इंग्रजांच्या महसूलखात्याला सारा देणारी जमीन तेवढी जमीन वाटे, बाकीची पडीक. इंग्रज गेले, रकाना राहिला. १९८५ मध्ये केंद्राने पडीक जमिनींच्या विकासासाठी एक राष्ट्रीय मंडळही काढलं. पुढे उपग्रह आले, आणि त्यांनी आकाशातून बघून तलाठ्याचंच म्हणणं बरोबर असल्याचं कळवलं. देशातल्या पडीक जमिनींचा सरकारी नकाशासंग्रह २००० पासून निघतो आहे. त्यात झुडपी माळ आहेत, चराऊ राने आहेत, वाळवंटातली वाळू आहे, आणि त्याच यादीत बर्फाच्छादित प्रदेश आणि हिमनद्यांचाही एक प्रकार आहे. म्हणजे साक्षात हिमालयाची शिखरं या देशात पडीक म्हणून नोंदली गेली आहेत. जिथे नगाधिराजाची ही गत, तिथे बोदवड-मलकापूरच्या मुरमाड टेकाडांनी मानअपमान मनाला लावून घेण्यात अर्थ नाही.

आता कुणी म्हणेल की सरकारी कागद जाऊ द्या, डोळस माणसाला वाटाड्याशिवायही दिसतंच की. तर नाही दिसत. खानदेशाच्याच उत्तर टोकाला शहाद्याजवळ नोव्हेंबर १९९७ मध्ये तीन अमेरिकी पक्षीतज्ज्ञांना रानपिंगळा सापडला. ११३ वर्षं हा पक्षी शास्त्राच्या हिशेबी हरवलेला होता. हे घुबड दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसतं, लपायची त्याला मुळीच हौस नाही. इतकी वर्षं त्याच्याखालून बैलगाड्या गेल्या, लग्नाची वऱ्हाडं गेली, निवडणुकीच्या जीपगाड्या गेल्या. पण बघायचं काय हे सांगणारं सोबत कुणी नव्हतं. घुबडाची ही कथा, तर गवताची काय सांगावी? आपण गवताकडे वर्षातून एकदाच लक्ष देऊन बघतो, ते गणपतीत. त्या दिवशी मात्र अख्खं घर अंगणात वाकून हरळीची तीन पात्यांची टोकं खुडतं, एकवीसची जुडी मोजतं, एखादी वीसच भरली तर पुन्हा वाकतं. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही लाजवील अशी ही नजर विसर्जनाच्या दिवशी पाण्यात सोडली जाते, ती पुढच्या भाद्रपदापर्यंत. प्रस्तुत लेखकाचं गवताबद्दलचं ज्ञानही बोदवडच्या कुठल्याही म्हशीपेक्षा कमीच आहे. म्हशीला मारवेल कोणतं आणि कुसळी कोणती हे अंधारातही कळतं. एवढंच की ती त्यावर लेख लिहीत नाही.

माळावरच्या अशा फेरीचं दृश्य कुठेही साधारण एकच असतं. वाटाड्या पुढे, मागे दहा-बारा माणसं. त्यांतल्या निम्म्यांच्या पायात पांढरे बूट, कारण सकाळी फिरायला जाताना पांढरे बूट घालावेत हे कुठेतरी ठरलेलं आहे. वाटाड्या एका झुबक्यापाशी उकिडवा बसतो आणि म्हणतो, “हे बघा.” बाराच्या बारा माणसं कपाळावर हात धरून क्षितिजाकडे बघतात. “इकडं नाही साहेब, खाली.” मग सगळे खाली बघतात आणि एकमेकांचे बूट बघून पुन्हा वर येतात. “हे पवन्या गवत आहे.” यावर आदराची एक लहानशी शांतता पसरते, आणि ती संपता संपता मागून प्रश्न येतो, “वाघ दिसंन का?” इतर जिल्ह्यांत हा प्रश्न हसण्यावारी नेता येतो, आमच्या बाजूला तीही सोय नाही. शेजारच्या मुक्ताईनगर तालुक्यात २०१४ मध्ये मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं आहे, तिथे खरोखरीचे वाघ आहेत, आणि ते अधूनमधून केळीच्या बागेत आढळल्याच्या बातम्याही येतात. जिथे वाघ पाणी भरलेल्या केळीत बसतो, तिथे पवन्यापुढे उकिडवं कोण बसणार? वाटाड्याही मुरलेला असतो. तो वाघाबद्दल हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. आकाशात तरंगणाऱ्या एका पक्ष्याकडे बोट करून तो सांगतो की हा भोवत्या मध्य आशियातून हिवाळा काढायला इथे येतो, आणि इथले नाकतोडे खातो. “इतक्या लांबून? नाकतोड्यांसाठी?” “हो.” “तिकडं नसतील.” एवढं बोलून मंडळ नाष्ट्याच्या पुड्या सोडतं.

यावर आक्षेप येतो की ज्यांना काही दिसत नाही त्यांना हजार गोष्टी दाखवून उपयोग काय. तर माळ स्वतः शिकवतो, आणि त्याची पद्धत मास्तरांच्या जुन्या पद्धतीच्या जवळची आहे. कुसळी गवताचंच घ्या. त्याच्या बीला पुढे टोकदार अणी असते आणि मागे लांब, पीळदार शेपूट. हवेत दमटपणा आला की हा पीळ सुटू लागतो, हवा कोरडी झाली की पुन्हा बसू लागतो. अशा उलटसुलट फिरण्याने बी गिरमिटासारखं जमिनीत घुसतं. ना माणूस लागत, ना तिफण. जमिनीऐवजी मोजा मिळाला तर ते मोज्यात घुसतं, मोज्यातून माणसात घुसतं, आणि माणसाला घाम आल्यावर अधिकच उत्साहाने फिरू लागतं. मराठीत कुसळ नेहमी दुसऱ्याच्या डोळ्यात असतं. माळावर ते आपल्या पोटरीला असतं, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा माणूस ते गांभीर्याने घेतो. बांधावर बसून बूट काढून एकेक कुसळ उपटताना तो जो एकाग्रचित्ताने गवताच्या बीचं निरीक्षण करतो, तसं निरीक्षण त्याने दहावीच्या जीवशास्त्राच्या प्रयोगवहीतही केलेलं नसतं. वाटाड्या तेवढ्यात सांगून घेतो की मेंढपाळ कुसळी पिकण्याआधी चारतात, नंतर तिकडे मेंढरं नेत नाहीत, कारण हीच अणी लोकरीतून कातडीत जाते. “मग आम्हाला कशाला आणलं?” असं कुणीतरी विचारतं. प्रश्न रास्त असतो. मेंढरांचं कातडं विकायचं असतं, सहभागींचं नसतं, एवढंच त्याचं उत्तर देता येतं.

पण हे सगळं किरकोळ. फेरीतला खरा धोकादायक माणूस अजून बोललेला नसतो. तो शांत असतो, सज्जन असतो, सेवानिवृत्त असतो, एखाद्या मंडळाचा अध्यक्ष असतो. सगळ्यांची कुसळं उपटून झाली की तो चौफेर नजर टाकतो, आणि त्याच्या डोळ्यांत करुणा दाटून येते. “एवढी मोकळी जागा,” तो म्हणतो, “इथं पाचशे झाडं लावली तर?” बस. इथेच वाटाड्याची नोकरी सार्थकी लागते. मोकळी जागा दिसली की ती भरून टाकायची, हा आपला राष्ट्रीय स्वभाव आहे. रेल्वेच्या डब्यापासून लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यापर्यंत आपण कुठेच मोकळी जागा सोडत नाही, तर माळ कसा सोडू? महाराष्ट्राने २०१६ च्या १ जुलैला दोन कोटी झाडं लावण्याचा संकल्प केला. मग २०१७ साठी चार कोटी, २०१८ साठी तेरा आणि २०१९ साठी तेहतीस कोटी. तेहतीस कोटींना आपल्याकडे एक विशेष मान आहे, त्यामुळे आकडा कुणाला जड वाटला नाही. पण इतकी झाडं लावायची कुठे? जंगलात लावता येत नाहीत, तिथे आधीच झाडं आहेत. शेतात लावता येत नाहीत, तिथे शेतकरी आहे. रस्त्याकडेला लावावीत तर रस्ता दर दोन वर्षांनी रुंद होतो. राहता राहिला पोटखराबा. तिथे कुणी भांडायला येत नाही, कारण तिथे जे राहतात त्यांना ग्रामसभेत मत नाही. लांडगा, खोकड, काळवीट, चंडोल, धाविक यांच्यापैकी एकाचाही हरकतीचा अर्ज आजवर कुणाकडे आलेला नाही.

“म्हणजे तुम्ही झाडांच्या विरोधात आहात?” हा प्रश्न इतक्या दुखावलेल्या आवाजात विचारला जातो, की हो म्हणणाऱ्याला वड-पिंपळ तर सोडाच, तुळशीसमोर उभं राहायचीही लाज वाटावी. विरोधात कोण असणार? बेचाळीस अंशांच्या वैशाखात बोदवडमध्ये झाडाविरुद्ध बोलायचं असेल तर तेही झाडाखाली उभं राहूनच बोलावं लागेल. गावात लावा, बांधावर लावा, शाळेत लावा, तहसीलसमोर तर जरूर लावा, तिथे माणसं तासन्‌तास उभी असतात. मुद्दा एवढाच की काही जिवांना झाड नको असतं. माळढोक मोकळ्या जमिनीवर घरटं न बांधता बहुधा एकच अंडं घालतो आणि चहूकडे लांबवर बघून शत्रूचा अंदाज घेतो. त्याच्या शेजारी आपण रांगेत झाडं उभी केली, की घार-कावळ्यांना अंड्यावर नजर ठेवायला फांद्या मिळतात. माळढोकासाठी आपण सोलापूर-नगरकडे १९७९ मध्ये अभयारण्यही केलं, आणि ते इतक्या मोठ्या मनाने केलं की त्याचं क्षेत्र कागदावर जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटर भरलं. त्यात गावं आली, रस्ते आले, शेतं आली, बाजारपेठा आल्या. पुढे ते आवरून सव्वाबाराशेवर आणावं लागलं. दरम्यान माळढोकांनीही आपली संख्या आवरती घेतली, आणि ती बोटांवर मोजायला एक हातही जास्त वाटू लागला. कार्बनचा हिशेबही माळाच्या विरोधात जात नाही. झाड आपली जमा वर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवतं. गवत ती बरीचशी जमिनीखाली, मुळांत आणि मातीत ठेवतं. वणवा लागला की झाडाची जमा धूर होऊन जाते, गवताची पुष्कळशी खालीच राहते. खानदेशातल्या जुन्या सावकारांनी यांतली कोणती पद्धत पसंत केली असती, हे सांगायला नको.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. जाणती माणसं म्हणतात, हे माळ मुळात माळ नव्हतेच, इथे घनदाट अरण्य होतं. माणसाने कुऱ्हाड चालवली, गुरं चारली आणि उरलं ते हे उजाड रान, तेव्हा झाडं लावणं म्हणजे जुनं पाप फेडणं. हा युक्तिवाद ऐकायला इतका पवित्र आहे की त्याला पुरावा मागणंही पापात जमा होतं. पण पुरावा आहे, आणि तो उलट बाजूचा आहे. उपखंडातली उष्ण प्रदेशातली गवतं सत्तर-ऐंशी लाख वर्षांपूर्वी पसरू लागली, असं जुन्या मातीतला कार्बन सांगतो. त्या वेळी कुऱ्हाड नव्हती, आणि ती धरायला माणूसही नव्हता. हे फार लांबचं वाटत असेल तर अलीकडचं बघा. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात पश्चिम महाराष्ट्राबद्दल जुन्या मराठी वाङ्मयाचीच साक्ष काढली. संतांच्या चरित्रकथा, देवस्थानांच्या आख्यायिका, धनगरी ओव्या यांत कोणती रानझाडं येतात ते त्यांनी टिपलं. ४४ वनस्पतींचे उल्लेख सापडले, आणि त्यांतल्या २७ मोकळ्या, गवताळ रानात वाढणाऱ्या निघाल्या. तरवड, बाभूळ, खैर अशी ही मंडळी. म्हणजे किमान साडेसातशे वर्षांपूर्वीही तिकडे माळच होता. संत आणि ओव्या गाणारे धनगर हे साक्षीदार म्हणून उभे राहिले, की उलटतपासणी घ्यायला कोणता वकील तयार होईल? त्यांना काही अनुदान मिळवायचं नव्हतं, वृक्षारोपणाचा फोटो द्यायचा नव्हता. वाटेत जे काटेरी आणि बोचरं भेटलं ते त्यांनी गाण्यात घातलं, आणि पुढच्यांसाठी नकळत पंचनामा करून ठेवला.

“ठीक आहे, जुना आहे. पण उपयोग काय?” हा खास व्यापारी पेठेचा प्रश्न. कपाशीचा भाव ज्या गावाच्या नाडीत धडधडतो तिथे तो यायचाच. त्याला अत्तराने उत्तर देता येतं. रोशा नावाचं एक सुगंधी गवत आपल्याकडे माळावर, टेकड्यांवर उगवतं. एकोणिसाव्या शतकात पश्चिम खानदेशात नंदुरबारच्या बाजूला भट्ट्या लावून त्याचं तेल काढत असत. ते तेल मुंबईहून जहाजाने तांबड्या समुद्राकडे जाई आणि तिथून तुर्कस्तानात पोचे. तिथे ते गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जाई, कारण दोघांचा वास एकमेकांच्या जवळ जातो आणि भाव एकमेकांपासून फार लांब असतो. पुढे युरोपच्या बाजारात खुद्द या तेलालाही तुर्की जिरॅनियमचं तेल म्हणत, त्यात तुर्कस्तानचा वाटा फक्त मुक्कामाचा असला तरी. म्हणजे पॅरिसच्या एखाद्या सरदारपत्नीने रुमालाला गुलाबाचं अत्तर लावून मान वेळावली असेल, तेव्हा त्यातला काही भाग आमच्या माळावरचा असण्याची दाट शक्यता होती. खानदेशाने जगाला दिलेली भेसळ म्हणून हिची नोंद शालेय पुस्तकांत व्हायला हरकत नाही. पोटखराब्यात उगवलेलं, बिनपाण्याचं, बिनखताचं गवत बल्गेरियाच्या गुलाबाच्या नावावर खपत होतं, आणि आपण मात्र घरी त्याच गवतावरून चालत जाऊन म्हणत होतो, इथं काही पिकत नाही.

आणि पिकवायचंच ठरवलं तर काय होतं, तेही बघून ठेवलेलं बरं. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याला अजूनही ‘प्रेअरीचं राज्य’ म्हणतात. प्रेअरी म्हणजे तिथला माळ, उंच गवताचा, माणसाच्या डोक्यावरून जाणारा. तिथल्या चिकट काळ्या मातीत जुने नांगर रुतत. १८३७ मध्ये जॉन डीअर नावाच्या लोहाराने तिथे पोलादी फाळाचा नांगर काढला, आणि मग कुणी मागे वळून बघितलं नाही. आज मूळच्या माळाचा हजारातला एक भागही तिथे धड उरलेला नाही. जे तुकडे वाचले ते रेल्वेच्या रुळांकाठी आणि जुन्या दफनभूमीत, कारण मेलेल्या माणसांच्या अंगावरून नांगर फिरवायला तिथलेही लोक कचरले. आता त्या तुकड्यांत स्वयंसेवक वाटाड्या होऊन माणसांना फिरवतात, एकेका गवताचं नाव सांगतात, माणसं वहीत टिपून घेतात. त्या लोहाराच्या नावाचे हिरवे ट्रॅक्टर आमच्याकडेही फिरतात आणि उत्तम चालतात, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दोष असेल तर क्रमाचा. तिथे आधी नांगर आला आणि मग वाटाड्या. आपल्याला दोघांपैकी निदान एकाला तरी अजून थोपवता येतं. आणि रूळ आमच्याकडेही आहेतच. भुसावळहून नागपूरकडे गाडी सुरू झाली १८६७ मध्ये, आणि बोदवडचं स्टेशन आजही नाडगावात आहे. स्वतःचं स्टेशन दुसऱ्याच्या गावात जाऊन शोधायची ज्या गावाला पिढ्यान्‌पिढ्या सवय, त्याला रुळाकाठच्या गवतात काही शोधायला फार शिकवावं लागेल असं वाटत नाही.

“पण लोकांना दाखवलं की लोक नासवतात,” हाही एक मुद्दा मांडला जातो, आणि त्यासाठी कास पठाराचं उदाहरण तयारच असतं. २०१२ मध्ये कासचं नाव जागतिक वारसा यादीत गेलं आणि त्यानंतर फुलांपेक्षा गाड्यांचा बहर मोठा झाला, इतका की रोज किती माणसं सोडायची यावर मर्यादा आणावी लागली. आक्षेप खरा आहे. पण फुलाला चेहरा असतो, त्याच्या शेजारी गाल टेकवून फोटो काढता येतो. मारवेलच्या शेजारी गाल टेकवला तर माणूस चाऱ्यात पडल्यासारखा दिसतो. माळ आपलं रक्षण असा आपल्या साधेपणाने करतो, आणि जे कुणी तरीही येतात ते चाळणीतून गाळून आलेले असतात. धुळ्याजवळ मुंबई-आग्रा रस्त्यालगत लळिंगचं कुरण आहे. त्यातल्या लांडोर बंगल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३७ मध्ये मुक्कामाला होते, आणि त्या आठवणीसाठी दरवर्षी तिथे माणसं जमतात. बंगला बघायला येतात, हे योग्यच आहे. पण बंगल्याभोवतीचं कुरण बघायला म्हणून कुणी आल्याचं ऐकिवात नाही. ‘लळिंग’ म्हटलं की बहुतेकांना किल्ला आणि टोलनाका आठवतो. कुरण बातमीत येतं ते उन्हाळ्यात, पेटल्यावर. वनखात्याची माणसं त्यासाठी हिवाळ्यातच जाळरेषा काढून ठेवतात, आणि एखादा सद्‌गृहस्थ विडीचं थोटूक अगदी मोजून जाळरेषेच्या पलीकडे टाकतो.

विस्तवावरून आठवलं, खानदेशी फेरीला एक अडचण आहे आणि ती लपवून ठेवण्यात प्रामाणिकपणा नाही. हिवाळ्यात दहा खानदेशी माणसं उघड्या रानात एकत्र आली की अकराव्या मिनिटाला भरताचा विषय निघतो. कुणीतरी बामणोदची वांगी गाडीत घेऊन आलेलाच असतो, दुसऱ्याकडे कळण्याच्या भाकरी असतात, तिसरा पऱ्हाट्या शोधायला निघालेला असतो, आणि वाटाड्या काळविटाच्या सवयी सांगत असताना मंडळाचं नाक वाऱ्याची दिशा घेत असतं. पण भरीत-पार्टी शेतात करायची, पऱ्हाट्यांवर करायची आणि जिथे वाळकं गवत नाही तिथे करायची, एवढी शिस्त लावली तर वांग्याचं आणि माळाचं वैर नाही. उलट फेरीच्या शेवटी भरीत आहे असं जाहीर केलं तर बोदवडमध्ये नावनोंदणी दोन दिवसांत बंद करावी लागेल.

उरला प्रश्न वाटाड्याचा. तो आणायचा कुठून? शहरातून आणलेल्या तरुणाला गवताची लॅटिन नावं येतात. पण त्याला अजून मेंढरू चावलेलं नसतं. धुळ्याकडचे ठेलारी धनगर, दरवर्षी गुरं घेऊन येणारे काठेवाडी यांना कोणतं गवत कोणत्या महिन्यात गोड असतं, कोणत्या टेकाडामागे लांडग्याचं बीळ आहे, पाऊस लांबला तर कुठे ओल राहते, हे सगळं ठाऊक असतं. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष गायराने आणि पशुपालक यांच्या नावाने जाहीर केलं आहे, तेव्हा निमित्तही चालून आलेलं आहे. आपण त्यांना आजवर एकच काम दिलं: आपल्या शेतातून लवकर निघून जाण्याचं. आता त्यांना ओळखपत्र द्यावं, फीमधला वाटा द्यावा आणि पुढे चालू द्यावं. यावर अधिकारी शंका काढतील, की हे लोक माणसं फिरवत बसले तर मेंढ्या कोण राखणार. ती कामगिरी सहभागींकडे सोपवावी. सेवानिवृत्त अध्यक्षांना कळपाच्या मागच्या बाजूला ठेवावं आणि हातात काठी द्यावी, म्हणजे रोप धरायला हात मोकळा राहणार नाही. वाघ विचारणाऱ्याला कोकरू उचलायला द्यावं. पांढऱ्या बूटवाल्यांना कुसळीच्या बाजूने चालवावं. संध्याकाळी मेंढ्या मोजून घ्याव्यात, सहभागी मोजले नाहीत तरी चालेल, ते भरताच्या वासावर येतात.